कानातले रातकिडे आणि सकाळची गोळी



आपल्या घरांत आजाराची किंमत तो किती दिसतो यावर ठरते. पायाला प्लॅस्टर असलं की शेजारीण डबा घेऊन येते. ताप असला की सासूबाई स्वतः पेज करून देतात. पण "माझ्या कानात सारखा आवाज येतो" असं म्हटलं, की समोरचं माणूस आधी आपल्या कानाकडे बघतं, मग तोंडाकडे, आणि म्हणतं, "लक्ष देऊ नकोस." थायरॉईडची तर याहून वाईट गत. तो आता इतक्या जणींना आहे की त्याला आजार म्हणायलाच कुणी तयार नाही. "मला थायरॉईड आहे" म्हणावं, तर चार जणी "मलाही आहे" म्हणतात आणि विषय लोणच्यावर जातो.

मला दोन्ही आहेत. थायरॉईड नऊ वर्षांपासून, कानातला आवाज सहा वर्षांपासून. हे रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. ही दुखणी आपण बायका व्रताच्या, कर्माच्या आणि 'सोसायचंच असतं'च्या पांघरुणाखाली झाकून ठेवतो, आणि त्यातलं बरंचसं धर्माने सांगितलेलंच नाही. पटलं नाही तर खुशाल भांडा, पण शेवटपर्यंत वाचून मग.

आधी आवाज कसा असतो ते सांगते. ज्यांना येत नाही त्यांना वाटतं, कानात देवळातली घंटा वाजत असेल. माझा आवाज पावसाळ्यात शेताच्या बांधावर रातकिडे ओरडतात तसा आहे. बारीक, उंच, न थांबणारा. डाव्या कानात जास्त, कधी डोक्याच्या मधोमध. माझ्या मावसबहिणीला कुकरची शिट्टी पडून गेल्यावर जी सूं राहते तसा येतो. मंदिरातल्या एका आक्कांना जुन्या ट्यूबलाईटसारखी गुणगुण ऐकू येते. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आयुर्वेदात कर्णनाद. सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितलेत, त्यात कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड अशी दोन वेगळी नावं आहेत, म्हणजे आवाजा-आवाजांतला फरकही त्या काळी कुणीतरी रोग्याजवळ बसून नीट ऐकून घेतला होता. आपण मात्र आपल्याच घरातल्या बाईला "कसला आवाज येतो गं?" एवढंही विचारत नाही.

हा आवाज बाहेरून येत नाही आणि तो भासही नाही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो, त्यात साधारण पंधरा हजार केसांसारख्या सूक्ष्म पेशी. मोठ्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग मेंदूकडे जाणारा आवाज कमी पडतो. मेंदू काय करतो? जुन्या रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपले अण्णा आवाजाचं बटण वाढवत न्यायचे, आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हायची. तसंच काहीसं. म्हणून शांत खोलीत हा आवाज वाढतो आणि बाजारात गेलं की हरवतो.

1953 साली हेलर आणि बर्गमन या दोघा अमेरिकी संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या 80 धडधाकट माणसांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते सांगायला लावलं. त्यातल्या 94 टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज येतो असं सांगितलं. म्हणजे पूर्ण शांतता दिली तर जवळजवळ प्रत्येकाच्याच कानात काहीतरी वाजतं. आमच्यासारख्यांना एवढंच की ते पंख्याखाली आणि टीव्हीपुढेही वाजत राहतं. हे मी माझ्या जावेला सांगितलं तेव्हा ती रात्री मुद्दाम पंखा बंद करून बसली आणि सकाळी म्हणाली, "वहिनी, मलाही बारीक ऐकू आलं!" त्या दिवसापासून ती मला 'लक्ष देऊ नका' म्हणत नाही.

आता थायरॉईड. गळ्यात, श्वासनलिकेच्या पुढे फुलपाखरासारखी ही गाठ. तिचं काम शरीराची चूल किती मोठी ठेवायची हे ठरवणं. चूल मंदावली की थंडी वाजते, पोट साफ होत नाही, केस गळतात, चेहरा सुजतो, आवाज घोगरा होतो, पाळी बिघडते, आणि दुपारी दोनला असं वाटतं की कुणी अंगावर ओलं पोतं टाकलंय. टीएसएच नावाचं जे आपण रिपोर्टवर बघतो ते थायरॉईडचं नाहीच, ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं. सून ढिली पडली की सासूचा आवाज चढतो, तसं थायरॉईड मंदावली की टीएसएच वाढतं. (माझ्या सासूबाई हे वाचतात. त्यांना चालतं.) बहुतेक जणींत याचं कारण हाशिमोटो, म्हणजे शरीराची संरक्षक फौजच या गाठीवर उलटते. 1912 साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी ते पहिल्यांदा लिहून ठेवलं. आपल्या देशात 2013 मध्ये मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या प्रौढांची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ 11 टक्के लोकांत थायरॉईड मंद सापडली, आणि त्यात बायका पुरुषांपेक्षा जास्त.

या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का? मला हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. संबंध आहे, पण तुम्हाला हवा तसा सरळ नाही. थायरॉईड मंद असलेल्यांत ऐकू कमी येणं आणि कानात आवाज येणं जास्त आढळतं. गोळी सुरू होऊन टीएसएच जागेवर आलं की काहींचा आवाज कमी होतो, काहींचा जातोही. माझा गेला नाही. माझं टीएसएच दोनच्या आसपास असतानाही रातकिडे ओरडतच होते. एवढं मात्र खरं की टीएसएच चढलेलं असतं तेव्हा थकवा येतो, झोप लागत नाही, मन खचतं, आणि तोच आवाज दुप्पट वाटतो. चूल नीट पेटलेली असली की तो पाठीमागे जाऊन बसतो.

म्हणून 'थायरॉईडचाच आहे' असं समजून कुणी घरी बसू नका. कानात मळाचा खडा असला तरी आवाज येतो आणि तो काढायला पाच मिनिटं लागतात. हिमोग्लोबिन आणि बी-12 बघून घ्या. आपण शाकाहारी, आणि त्यातही उपवास करणाऱ्या, बी-12 आपल्यात कमी असणं नवीन नाही. बीपी, साखर बघा. कानाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी, ऑडिओमेट्री, करून घ्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी दाखवा, कारण मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन आणि जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शनं कानाला त्रास देतात. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल तर थांबू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. त्यावर उपचार आहे, पण तो पहिल्या काही दिवसांतच कामाचा. माझा आवाज डावीकडे जास्त म्हणून एमआरआयपर्यंत गेलं. काही निघालं नाही. पैसे गेले, पण रात्रीची भीती गेली, आणि ती भीती आवाजापेक्षा मोठी होती.

आता खरा विषय, गोळी आणि व्रत.

थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहा-दूध काही नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. हे कागदावर सोपं वाटतं. आपल्या घरात ते घड्याळ बसवून बघा. जिचा सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, तोंडात काही न घालण्याचा नियम आहे, तिला जानेवारीत आपल्या सांगलीकडे पावणेआठ वाजतात. त्यात देवदर्शनाआधी पाणीही न घेणाऱ्या असतील तर आठ. मग गोळी. मग तासभर थांबून नऊला चहा. तोवर मुलांचे डबे, नवऱ्याची गडबड, आणि मध्येच सासरे म्हणतात, "घोटभर चहा घे की आमच्याबरोबर." कंटाळून बाई गोळी आणि चहा एकदमच घेते, आणि सहा महिन्यांनी रिपोर्ट बघून डॉक्टर डोस वाढवतात. डोस कमी पडत नव्हता. तो चहाबरोबर पोटातून तसाच निघून जात होता.

डॉक्टर सांगतात, मग रात्री घ्या, जेवणानंतर तीन-चार तासांनी. वैद्यकाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण आपल्यातल्या कितीतरी जणींचा रात्री चारी आहारांचा त्याग असतो. सूर्यास्ताआधी जेवलं की संपलं. काहींनी पाणी-औषधाची सूट ठेवलेली असते, काहींनी नाही. डॉक्टरांना हे माहीत नसतं आणि आपण सांगत नाही. मान हलवून बाहेर येतो आणि घरी आपलंच काहीतरी ठरवतो. माझं म्हणणं, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी रात्री खात-पीत नाही, अष्टमी-चतुर्दशीला माझा उपवास असतो, भाद्रपदात दहा दिवस असे असतात. तेही माणूसच आहेत, मार्ग काढतात. माझ्या डॉक्टर आपल्या समाजाच्या नाहीत. त्यांनी माझ्या केसपेपरवर 'सूर्यास्तानंतर काही नाही' असं लाल शाईने लिहून ठेवलंय.

आता उपवासाचा हिशोब मांडते. ही गोळी शरीरात बराच काळ राहते. तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणून एका दिवसाच्या उपवासात ती राहिली तर कुणी कोसळत नाही. पण महिन्यात दोन अष्टमी, दोन चतुर्दशी, असे चार दिवस दर महिन्याला सुटले, तर 75 मायक्रोग्रॅमची गोळी घेणारी बाई प्रत्यक्षात रोज 65ची घेत असते. डॉक्टरांना वाटतं 75 चालू आहे. आणि दशलक्षणाचे दहाही दिवस निरंकार केले आणि गोळी बंद ठेवली, तर शेवटी शेवटी शरीरातलं औषध निम्म्यावर आलेलं असतं. पारण्याच्या दिवशी जो थकवा येतो तो सगळा तपाचा समजून आपण कौतुक करून घेतो. मला त्या दिवसांत आवाजही चढतो. तपाने चढला असं म्हणणाऱ्याही भेटल्या. त्यातल्या एकीने तर तो अनाहत नाद असल्याचं सांगितलं. म्हटलं, असेल तर मग तो ऑडिओमेट्रीत सहा हजार हर्ट्झवर कसा सापडला?

मी तप करू नका म्हणत नाही. मी स्वतः एकाशन करते, उपवास करते. मी म्हणते, नियम घेतानाच 'औषधाची सूट ठेवून' असं म्हणून घ्या. यात कमीपणा कुठे आला? मुनिमहाराजांसमोर हात जोडून विचारा, माझं दुखणं असं आहे, माझा नियम कसा असावा. मी विचारलं होतं. शक्ती बघून तप करावं, शक्ती लपवूही नये आणि ओलांडूही नये, हे तर आपण लहानपणापासून प्रवचनात ऐकतो. घरातल्या बाईला मात्र आपण फक्त त्यातलं 'लपवू नये' ऐकवतो. नुसत्या पाण्याबरोबर घेतलेल्या एका पांढऱ्या गोळीने जिचा उपवास मोडला असं कुणाला वाटतं, त्याने चार दानांची नावं आठवावीत. आहारदान, औषधदान, ज्ञानदान, अभयदान. औषध देणं जर एवढं मोठं पुण्य, तर ते घेणाऱ्या बाईने पदराआड का घ्यायचं? आणि आजाऱ्याची सेवा, वैयावृत्त्य, हे तर अंतरंग तपांत मोजलंय. सुनेला सकाळी तासभर चहाचा आग्रह न करणं हीसुद्धा त्यातलीच एक छोटीशी सेवा समजायला हरकत नाही.

कर्माचंही तेच. असाता वेदनीय कर्माचा उदय, असं मला सांगितलं जातं. मान्य आहे. पण मोतीबिंदू हाही उदयच असतो आणि त्याचं ऑपरेशन आपण सगळेजण करून घेतो, फुलं घेऊन भेटायलाही जातो. बाईच्या थकव्याची वेळ आली की मात्र कर्मसिद्धांत आठवतो.

गरोदर मुलींबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पोटातल्या बाळाला पहिले साधारण तीन महिने आईच्याच थायरॉईडवर राहावं लागतं, त्याच्या मेंदूची घडण त्यावर चालते. या दिवसांत डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. गोळी चालू असलेल्या मुलीला दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात रक्त तपासायचं, आणि गोळीचा एकही खाडा नको. त्या घरात कुणी व्रताचा आग्रह धरत असेल तर वडीलधाऱ्या बायकांनी मध्ये पडावं. पोटात एक पंचेंद्रिय जीव आहे, आणि जीवदयेवर आपण एवढं बोलतो.

एक प्रश्न बऱ्याच जणी हळूच विचारतात, गोळी चालते ना आपल्याला? हा प्रश्न चांगला आहे, विचारायलाच हवा. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी पहिल्यांदा या रोगावर उपचार केला तो मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून. पुढे कितीतरी वर्षं वाळवलेल्या प्राणिज ग्रंथींच्या गोळ्याच वापरात होत्या. 1914 मध्ये अमेरिकेत केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळं काढलं आणि 1927 मध्ये इंग्लंडमध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. आज आपल्याला मिळणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी अशीच रसायनांतून बनते, प्राण्यातून नाही. मात्र 'नैसर्गिक थायरॉईड' म्हणून परदेशातून जे काही मागवलं जातं ते डुकराच्या ग्रंथीचं असतं, आणि 'नैसर्गिक' या शब्दाला भुलून आपल्याच बायका ते मागवतात. तेवढं जपा. गोळीत मिसळलेलं मॅग्नेशियम स्टिअरेट वनस्पतीचंही असतं आणि प्राणिजही, ते कंपनीला पत्र लिहून विचारता येतं. मी लिहिलं होतं, वनस्पतीजन्य असल्याचं उत्तर आलं. बाकी औषधांच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, तिथे गोळीचा पर्याय आहे का ते विचारा.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. फ्लॉवर-कोबी खाऊ नका असं सांगतात, ते आपल्यापैकी कित्येकींच्या घरात किडीच्या भीतीने तसंही येत नाही, आणि शिजवून थोडं खाल्लं तर काही बिघडत नाही. सोयाबीन गोळीच्या आसपास नको. सैंधव व्रताला ठीक, पण वर्षभर घरात फक्त सैंधवच वापरत असाल तर त्यात आयोडीन नसल्यात जमा असतं, लहान मुलं आणि तरुण मुली असलेल्या घराने हे लक्षात ठेवावं. उलट आयोडीनचे थेंब, गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, हाशिमोटोत ते बाधतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद, नाहीतर थायरॉईडचा रिपोर्टच खोटा येतो. धणे-पाण्याने थायरॉईड 'मुळापासून' जातो म्हणणाऱ्या व्हिडिओंवर मी काही बोलत नाही, माझं बीपी वाढतं. कानात गरम तेल घाला, लसणाचं तेल घाला, हेही नको. लसूण आपल्याला चालत नाही हे तर झालंच, पण कानाचा पडदा फाटलेला असला तर कुठलंच तेल चालत नाही. गिंकोच्या महागड्या गोळ्यांनी हा आवाज जातो असं सिद्ध झालेलं नाही.

मग करायचं काय? ऐकू कमी येत असेल तर मशीन लावा, लाजू नका. बाहेरचा आवाज आत गेला की मेंदूला बटण वाढवावं लागत नाही, आणि अनेकींचा नाद तेवढ्यानेच कमी होतो. रात्री पूर्ण शांतता नको. मी पंखा हिवाळ्यातही एकवर ठेवते आणि गोधडी जास्त घेते, यावरून घरात झालेली भांडणं वेगळी. आणि कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी नावाची एक पद्धत आहे. त्यात आवाज कमी होत नाही, त्याचा त्रास कमी होतो, आणि आजच्या घडीला सगळ्यात भक्कम पुरावा तिच्याच बाजूने आहे. त्या बाई मला शिकवत होत्या की आवाज येतोय हे जाणा, त्याच्यामागे धावू नका, त्याला हाकलूही नका. मला हसू आलं. ज्ञाता-द्रष्टा होऊन राहा, हे मी आयुष्यभर ऐकत आले होते. फी देऊन ऐकलं तेव्हा जरा कामाला लागले.

सामायिकाचं सांगायचं राहिलं, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. 48 मिनिटं स्थिर, मौन, शांत खोलीत. माझ्यासाठी ती खोली शांत नसतेच. डोळे मिटले की रातकिडे सुरू. कितीतरी दिवस मला वाटायचं की मन लागत नाही म्हणजे मीच कमी पडते आहे. पण जपाचे प्रकार तीन सांगितलेत, वाचिक, उपांशु आणि मानस, आणि मानस सगळ्यात वरचा मानला म्हणून बाकीचे दोन काही रद्द झाले नाहीत. मी आता णमोकार ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणते. भक्तामर तर मोठ्यानेच. पहाटे खिडकी उघडी ठेवते. समोरच्या पिंपळावर पक्षी असतात, त्यांचा कलकलाट आत येऊ देते. समता साधली का, ते मला सांगता येणार नाही, पण उठावंसं वाटत नाही.

शेवटी एक तक्रार, आणि ती आपल्या सगळ्यांच्या कानांसाठी आहे. आपण पाणी गाळून पितो, दिव्यावर जाळी ठेवतो की पतंग मरू नये. आणि विधानाच्या मंडपात, शोभायात्रेत लावतो ते भोंगे? अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशोब असा आहे की 85 डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सोसतो, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, आणि 100 डेसिबलला कानाला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. मिरवणुकीतल्या डीजेजवळ नाचणारी आपली मुलं दोन-दोन तास असतात. आपल्याकडच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. कानातल्या त्या पंधरा हजार पेशी इंद्रियच आहेत की. महिला मंडळाच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा दोघी-तिघी हसल्या, पण एका काकूंनी नंतर बाजूला घेऊन विचारलं, "तुला कसला आवाज येतो गं? मला शंखासारखा येतो." त्यांनी आजवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. वय 71.

यंदा मंडळात आमचं एवढं ठरलंय की विधानाला स्पीकर दोनच, आणि तेही लहान मुलांच्या रांगेपासून लांब. दशलक्षण भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं. डोस बदलल्यावर टीएसएच पुन्हा बघायला सहा ते आठ आठवडे जावे लागतात, म्हणून आम्ही थायरॉईडवाल्या अकरा जणींनी रक्त द्यायची तारीख आषाढातच धरली आहे, चातुर्मास लागायच्या आत. काकूंची ऑडिओमेट्रीही त्याच दिवशी आहे. त्यांच्या सूनबाई बरोबर येणार आहेत.